काडी कोणी मोडायची?

पेशवाईत सरकारी वसुलीच्या बाबींमध्ये 'पाटदाम' नावाची एक पट्टी असे. बाईने पाट लावला, म्हणजे दुसरं घर केलं, की सरकारात काही रक्कम भरावी लागे. सरकार पट्टी बसवतं ते नेहमी चालणाऱ्या गोष्टींवर. तेव्हा मावळात आणि देशावर बायकांची दुसरी लग्नं होत होती, ती उघडपणे होत होती आणि पुण्याच्या दरबाराला त्यात पाप दिसत नव्हतं, उत्पन्न दिसत होतं. निदान कुणब्या-माळ्यांच्या बाबतीत तरी.

निमगाव सावा, साकोरी, पारगाव, बेल्हे हा जुन्नरचा पूर्व भाग याच मुलुखातला. पश्चिमेला सह्याद्रीत बदाबदा कोसळणारा पाऊस इथवर येईस्तोवर आटून जातो. कुकडीचे कालवे येईपर्यंत शेती आभाळावर आणि विहिरीवर चालली. वस्ती शेतकरी, माळी, धनगर आणि बलुतेदार जातींची. या जातींत नवरा-बायकोचं मोडलं तर काडीमोड होई. पंचांसमोर काडी मोडायची, नाहीतर नवऱ्याने सोडचिठ्ठी लिहून द्यायची. त्याला कुठे फारकत म्हणत. मग बाईला पाट लावायची मोकळीक मिळे. पाटाला लग्नाचा मान नव्हता. तो रात्री लागे, वाजंत्रीशिवाय लागे, आणि पाटाच्या बाईला मंगलकार्यात मागे उभं राहावं लागे. पहिल्या नवऱ्याला लग्नाचा खर्च परत द्यावा लागे, जातीला दंड किंवा जेवण द्यावं लागे, आणि मुलं बहुधा बापाकडेच राहत. पंच सगळे पुरुष. या व्यवस्थेला स्त्रीस्वातंत्र्य म्हणणं ही आपली हौस झाली. पण नवरा परागंदा झाला, वर्षानुवर्षं फिरकला नाही, तर बाईचं पुढे काय, या प्रश्नाला या व्यवस्थेकडे उत्तर होतं. दहा माणसं बसत, विचार करत आणि काही ठरवत.

वरच्या जातींत ते उत्तर नव्हतं, आणि याचं उदाहरण थेट शनिवारवाड्यातलं आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रणावरून परत आल्या, पण पतीचं मरण त्यांनी मानलं नाही. त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. मध्ये भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याने निम्मं राज्य हलवलं, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई 1783 मध्ये वारल्या. बावीस वर्षं त्या ना धड सधवा होत्या ना विधवा. राज्याच्या राजकारणाने हे वाट पाहणं सोसलं, कारण ते राजघराण्यातलं होतं. खरं तर शास्त्राला या अवस्थेची कल्पना होती. नारदस्मृतीने परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट किती वर्षं पाहायची याचं कोष्टकच दिलं आहे. ब्राह्मण स्त्रीने आठ वर्षं, मूल नसेल तर चार. क्षत्रिय स्त्रीने सहा किंवा तीन. वैश्य स्त्रीने चार किंवा दोन. शूद्र स्त्रीला मुदतच नाही. पेशवाईतल्या ब्राह्मणांनी हे कोष्टक कधी बासनातून काढलं नाही. शूद्र ठरवलेल्या जातींनी मात्र नारदाचं नाव न ऐकता साधारण तोच व्यवहार चालवला.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला देशावरचे रिवाज मोडायचे नव्हते, समजून घ्यायचे होते. त्याच्या कारकिर्दीत आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने पुण्यातल्या शास्त्र्यांना आणि जातीजातींच्या पुढाऱ्यांना विचारून लग्न, पाट, सोडचिठ्ठी, दत्तक यांविषयीचे रिवाज जातवार उतरवून घेतले. साहेबाने काडीमोडीची नोंद वहीत घेतली हे महत्त्वाचं. त्याहून महत्त्वाचा 1827 चा चौथा रेग्युलेशन. त्यातल्या 26 व्या कलमाने दिवाणी न्यायाधीशाला क्रम आखून दिला: आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर मुलुखाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि शेवटी न्यायबुद्धी. रिवाज पोथीच्या वर बसवला होता. हा क्रम मनापासून पाळला गेला असता तर पुढचा बराचसा इतिहास घडलाच नसता.

तो पाळला गेला नाही, कारण फौजदारी बाजूने दुसरंच काही आलं. 1860 चं इंडियन पीनल कोड 1 जानेवारी 1862 पासून लागू झालं. त्याच्या 494 कलमात नवरा किंवा बायको जिवंत असताना दुसरं लग्न केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होती. हिंदू पुरुषाला हे कलम लागत नव्हतं, कारण त्याचं दुसरं, तिसरं लग्न कायदेशीरच होतं. लागलं ते बाईला. आणि मग रिवाजाप्रमाणे दुसरं घर केलेल्या बायका आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहू लागल्या.

1864 मध्ये मुंबई हायकोर्टासमोर करसन गोजा आणि बाई रूपा ही दोन प्रकरणं एकत्र आली. लोक गुजरातेतले, तळपदा कोळी जातीचे. बाईने नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याला सोडून दुसरं घर केलं होतं, आणि जातीच्या चालीप्रमाणे ते चालत होतं. कोर्टाने ती चालच नीतीविरुद्ध ठरवून रद्दबातल केली. 1876 मध्ये संभू रघूच्या खटल्यात त्याच कोर्टाने गाठ आणखी आवळली. लग्न मोडल्याचं जाहीर करायचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही, असं सांगितलं. जातीने परवानगी दिली म्हणून आम्ही प्रामाणिकपणे लग्न केलं, हा बचावही चालणार नाही असंही ठरलं.

या दोन निकालांनी काडीमोड बंद झाली नाही. नवऱ्याने राजीखुशीने चिठ्ठी दिली तर ती चालतच राहिली. बंद झाली ती नवऱ्याच्या संमतीविना, पंचांच्या हुकमाने होणारी सुटका. म्हणजे बायको सोडून निघून गेलेल्या माणसानेच परत येऊन 'तू मोकळी' असं लिहून द्यायचं. जो नांदवायला येत नाही तो चिठ्ठी द्यायला का येईल? वर्षानुवर्षं न फिरकलेल्या नवऱ्याला फिर्याद करायला मात्र वाट मोकळी होती. न्यायमूर्तींचा हेतू वाईट नसेल. जातपंचायतीच्या दंडेलीला आळा घालावा असंही त्यांच्या मनात असेल. परिणाम मात्र उलटा झाला. पंचांचा अधिकार काढून घेतला आणि त्या जागी कोर्टाने स्वतः काहीच दिलं नाही. 494 कलमात एक अपवाद होता: जोडीदार सलग सात वर्षं बेपत्ता असेल आणि जिवंत असल्याचं दुसरं लग्न करणाऱ्याच्या कानावर नसेल तर दुसरं लग्न गुन्हा नाही. पण टाकून गेलेला नवरा सहसा बेपत्ता नसतो. तो कुठे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

आणि हे नेमकं केव्हा घडलं ते पाहा. 1850 च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावली. जुन्नर, आंबेगाव, खेडचे पुरुष मुंबईला जाऊ लागले: गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठेत हमालीला. मुंबईचे डबेवाले आजही याच पट्ट्यातले आणि मावळ-मुळशीचे. माळशेजच्या अलीकडे घरटी एक माणूस मुंबईला असण्याची रीत तेव्हापासूनची. बायका मागे राहिल्या. 1921 च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे बायका होत्या. बहुतेक पुरुष मनिऑर्डर पाठवत, शिमग्याला आणि जत्रेला येत. काही हळूहळू यायचे थांबले, पैसे थांबले, मग मुंबईत दुसरं बिऱ्हाड असल्याची बातमी कोणीतरी आणली. इतक्या माणसांना इतकी वर्षं घराबाहेर ठेवणारी व्यवस्था यापूर्वी नव्हती. आणि अशा माणसांच्या बायकांना सोडवणारी जुनी व्यवस्था कोर्टाने त्याच काळात मोडून ठेवली. टाकलेल्या बाईची कहाणी सांगताना आपण नवऱ्याला दोष देतो आणि तो द्यायलाच हवा. पण तिला अडकवून ठेवणारा कायदा तिच्या आजीच्या वेळी नव्हता.

जुन्नरचे लोक कोर्टाला घाबरणारे होते असंही नाही. सत्यशोधक समाजाचं वारं या तालुक्यात जोरात होतं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी 1884 च्या सुमारास भटजीशिवाय घरचं लग्न लावलं, तेव्हा दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून ग्रामजोशांनी दावा लावला. तो वाद लढला गेला. लग्न कोणी लावायचं यावर जुन्नरचा शेतकरी भांडला. लग्न कोणी मोडायचं यावर भांडायला बायकांकडे ना पैसा होता, ना महात्मा फुल्यांच्या तोडीचा पाठीराखा.

त्याच 1884 साली मुंबईत एका बाईवर दावा झाला आणि देशभर गाजला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, कधी नांदायला गेल्याच नाहीत. दादाजीने ताबा मागितला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला, आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद भोगा असा हुकूम दिला. टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरुद्ध उभा राहिला. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, हे सर्वांना माहीत आहे. कमी सांगितलं जातं ते हे की तडजोडीने त्यांची शिक्षा टळली, लग्न सुटलं नाही. रखमाबाई सुतार जातीच्या, त्यांच्या आईचाच पुनर्विवाह झालेला. पाट असलेल्या जातीतली, शिकलेली, पैशाचं पाठबळ असलेली बाईसुद्धा नवऱ्याच्या मर्जीविना मोकळी होऊ शकली नाही.

पुढची साठ वर्षं फारसं काही हललं नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तो संस्थानापुरता. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं आणि लागोपाठ दोन कायदे झाले. 1946 मध्ये हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न बेकायदा ठरलं. पुढे तो कायदा घटनेला धरून आहे का याची परीक्षा नरसू अप्पा माळी प्रकरणात झाली, आणि 1951 मध्ये न्यायमूर्ती छगला आणि गजेंद्रगडकर यांनी तो उचलून धरला. 1947 मध्ये हिंदू घटस्फोट कायदा आला. त्यात नवऱ्याने किंवा बायकोने सबळ कारणाशिवाय, दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध, सलग चार वर्षं टाकलं असेल तर घटस्फोट मिळण्याची सोय झाली. 1864 मध्ये जे पंचांच्या हातून काढून घेतलं ते 83 वर्षांनी न्यायाधीशाच्या हातात आलं.

या कायद्याखालचा सर्वांत गाजलेला खटला मात्र टाकलेल्या बाईने लावलेला नव्हता. बिपिनचंद्र विरुद्ध प्रभावती म्हणून तो वकिलांना पाठ असतो. दोघं पाटणचे, लग्न 1942 चं, संसार मुंबईत. जानेवारी 1947 मध्ये नवरा धंद्यासाठी विलायतेला गेला. मागे घरोब्यातल्या एका तरुणाशी बायकोची जवळीक झाल्याचा संशय आला, एक पत्र सापडलं. मे महिन्यात तो परतला, जाब विचारला, आणि 24 मे रोजी बायको जळगावला वडिलांकडे निघून गेली. जुलैत नवऱ्याने सॉलिसिटरकरवी नोटीस पाठवली. नंतर मध्यस्थांनी जुळवाजुळव केली. नोव्हेंबरमध्ये बायको परत यायला निघणार असं कळलं तेव्हा त्याने सासऱ्याला तार केली: प्रभाला पाठवू नका. चार वर्षं होताच, जुलै 1951 मध्ये, तिने मला टाकलं म्हणून त्याने मुंबई हायकोर्टात घटस्फोट मागितला.

न्यायमूर्ती तेंडोलकरांनी तो दिला. अपिलात छगला आणि भगवती यांनी रद्द केला. ऑक्टोबर 1956 मध्ये सुप्रीम कोर्टानेही अपिलाचा निकाल कायम केला. न्यायमूर्ती सिन्हा यांनी सांगितलेला नियम आजही चालतो. घर सोडणं म्हणजे टाकणं नव्हे. सोडणाऱ्याच्या मनात सहवास कायमचा संपवण्याचा हेतू हवा. ज्याला टाकलं त्याची संमती नसावी, आणि त्याने समोरच्याला घर सोडायला भाग पाडेल असं वागलेलं नसावं. सोडून गेलेल्या माणसाला मुदत संपण्याआधी परत यायची संधी असते. ती संधी नवऱ्याने तार करून स्वतःच बंद केली, मग तिने टाकलं असं कसं म्हणता येईल? मला हा निकाल बुद्धीचा आणि माणुसकीचा वाटतो. माहेरी गेलेली बाई म्हणजे पळून गेलेली बाई, हे गावाचं जुनं गणित त्याने मोडलं. पण खेड्यातल्या बाईच्या वाट्याला याच नियमाची दुसरी बाजू आली. नवऱ्याचा हेतू तिने सिद्ध करायचा. 'तो मला नेत नाही' एवढं सांगून भागत नाही. तारखा, पत्रं, साक्षीदार लागतात. नवरा कोर्टात येऊन 'मी न्यायला तयार आहे' म्हणाला की खटला भुसभुशीत होतो. असं म्हणायला त्याला काही पडत नाही.

1955 चा हिंदू विवाह कायदा 18 मे रोजी लागू झाला. रखमाबाई त्यानंतर चार महिन्यांनी, 25 सप्टेंबरला वारल्या. केंद्राचा कायदा मुंबईच्या पुढे असेल असं वाटावं, तर या एका बाबतीत तो मागे होता. दोन वर्षं टाकलं तर घटस्फोट नाही, फक्त न्यायिक विभक्तता. तिचा हुकूमनामा घेऊन आणखी दोन वर्षं थांबायचं, मग पुन्हा अर्ज करायचा. कोर्टात एकदा येणं ज्या बाईला दिवसाचा रोज बुडवून परवडत नाही, तिला दोनदा यायला सांगितलं होतं. याच कायद्याच्या 29 व्या कलमाने रिवाजी घटस्फोट मात्र शाबूत ठेवला. त्यामुळे स्टॅम्पवर लिहिलेली फारकत आजतागायत चालू आहे आणि पुष्कळदा कोर्टात टिकत नाही, कारण तसा रिवाज जातीत आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं. 27 मे 1976 पासून दुरुस्ती झाली: दोन वर्षं टाकणं हे थेट घटस्फोटाचं कारण ठरलं, आणि परस्परसंमतीची वाटही उघडली. जाणूनबुजून हेळसांड करणं हे 1955 पासूनच टाकण्यात धरलं जात होतं.

कायदा झाला, पण तो वापरला कोणी? घटस्फोटासाठी ज्याला घाई असते तो अर्ज करतो, आणि घाई बहुधा दुसरं लग्न करायचं असलेल्याला असते. टाकलेली बाई भावाच्या दारात खुरपायला जात होती. तिला पोटगी हवी होती, आणि फौजदारी संहितेतली पोटगीची कमाल मर्यादा 1955 मध्ये महिना पाचशे रुपये ठरली ती केंद्रीय कायद्यात 2001 पर्यंत तशीच होती.

तिची बाजू पहिल्यांदा मोठ्याने मांडली गेली ती आळेफाट्याच्या पुढे, चंदनापुरीचा घाट ओलांडल्यावर. मार्च 1988 मध्ये संगमनेरला अॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली. तोवर विधवा, घटस्फोटिता यांच्यासाठी सरकारी रकाने होते. नवऱ्याने नुसतं टाकलेल्या बाईसाठी रकानाच नव्हता. तिचं नाव ना सासरच्या रेशनकार्डावर, ना माहेरच्या. तिथे मागण्या होत्या त्या तत्त्वज्ञानाच्या नव्हत्या: स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, वेळेवर पोटगी, राहायला जागा. सांगली भागातही त्याच सुमाराला टाकलेल्या स्त्रियांचे लढे उभे राहिले होते. आपल्याकडचे ऐतिहासिक लेख अजूनही रखमाबाईंवर थांबतात. संगमनेरच्या त्या मांडवाचा इतिहास मला तितकाच मोठा वाटतो, कारण तिथे ज्या बायका बोलल्या त्यांच्यावर कोणी दावा केला नव्हता. त्यांना सगळे विसरून गेले होते.

2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटितांच्या जवळपास तिप्पट माणसं 'विभक्त' या सदरात निघाली. त्यांत बायका जास्त. म्हणजे काडी अजूनही मोडलेली नाही, फक्त माणसं वेगळी राहतात. नुसत्या दीर्घ विभक्तपणावरून घटस्फोट द्यावा अशी शिफारस विधी आयोगाने 1978 मध्ये केली. तिचा कायदा अजून झालेला नाही. 1 मे 2023 रोजी शिल्पा सैलेश प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने घटनेच्या 142 व्या कलमाखाली आपण तसा घटस्फोट देऊ शकतो असं ठरवलं. हा अधिकार दिल्लीतल्या त्या एका कोर्टाचा आहे. निमगाव सावाहून तिथवर कोण जाणार?

म्हणून शेवटी दोन गोष्टी या भागातल्या वाचकांसाठी. 2003 च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाचा अर्ज बाई स्वतः जिथे राहते तिथल्या कोर्टात करू शकते. नवऱ्याच्या मुंबईच्या पत्त्यामागे धावायची गरज नाही. आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिला उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. तुमच्या भावकीत, शेजारात अशी कोणी लेक माहेरी येऊन बसली असेल, तर स्टॅम्पवरच्या फारकतीच्या भरवशावर तिला ठेवू नका. तिला समितीच्या कचेरीत घेऊन जा, आणि ती कोणत्या तारखेला माहेरी आली ते आजच लिहून ठेवा.